चाचेगिरी हा शब्द आणि दंडाचे माप

संगणकीय खेळांच्या, म्हणजे ज्यांना आता मराठीतही सर्रास व्हिडिओ गेम म्हणतात त्या खेळांच्या, चोरट्या प्रती काढणे, त्या पुरविणे, किंवा त्या चालाव्यात म्हणून यंत्रातील तांत्रिक कुलूप फोडून देणे, या कृत्यांबद्दल होणाऱ्या शिक्षा न्याय्य आहेत काय, हा प्रश्न वरवर पाहता विधिशास्त्राचा आहे. त्याची चर्चाही बहुधा दोन ठरीव पक्षांत वाटली जाते. एक पक्ष म्हणतो की, चोरी ती चोरी. चोराला शिक्षा झाली तर खंत कशाची? दुसरा म्हणतो की, प्रत काढल्याने मूळ वस्तू मालकाच्या हातून जात नाही. तेव्हा मुळात अपराधच नाही, मग शिक्षा कसली? गंमत अशी की, हे दोन्ही पक्ष शिक्षेच्या प्रमाणाविषयी बोलतच नाहीत. ते अपराधाच्या नावाविषयी बोलतात. नाव मान्य झाले की शिक्षा आपोआप न्याय्य ठरते आणि नाव अमान्य झाले की आपोआप अन्याय्य, असे दोघांनीही गृहीत धरलेले असते. प्रस्तुत विवेचनाचा रोख या गृहीतकावर आहे. अपराध खरा असूनही त्याची शिक्षा अन्याय्य असू शकते. आणि या क्षेत्रात ती तशी का होते, याचे एक कारण कायद्याच्या कलमांइतकेच कायद्याच्या शब्दांत सापडते.

विचारासाठी एक खटला समोर ठेवणे सोयीचे होईल. गॅरी बाउझर हा कॅनडाचा नागरिक. ‘टीम एक्झिक्युटर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळीशी त्याचा संबंध होता. निन्टेंडो कंपनीच्या स्विच, थ्री-डीएस इत्यादी खेळयंत्रांमधील संरक्षक कुलपे निकामी करणारी साधने ही टोळी विकत असे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये त्याला डॉमिनिकन प्रजासत्ताकात अटक झाली आणि कंपनीचे अमेरिकन कार्यालय वॉशिंग्टन राज्यात असल्यामुळे खटला सिएटल येथील संघीय न्यायालयात उभा राहिला. आरोपपत्रात अकरा आरोप होते. त्यांपैकी दोन त्याने २०२१ मध्ये कबूल केले. १० फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायाधीश रॉबर्ट लास्निक यांनी त्याला चाळीस महिन्यांचा तुरुंगवास सुनावला. सरकार पक्षाने साठ महिने मागितले होते, बचाव पक्षाने एकोणीस. याखेरीज फौजदारी खटल्यात ४५ लाख डॉलर्सची भरपाई आणि कंपनीने स्वतंत्रपणे लावलेल्या दिवाणी दाव्यात १ कोटी डॉलर्स अशी एकूण १ कोटी ४५ लाख डॉलर्सची देणी त्याच्यावर बसली. (आरोपीचे आडनाव आणि कंपनीच्या प्रसिद्ध मारिओ-खेळातील खलपात्राचे नाव एकच असल्यामुळे वृत्तपत्रांना जो विनोद सुचला, त्याचा येथे उपयोग नाही, मात्र कंपनीच्या तत्कालीन अमेरिकन अध्यक्षांचे आडनावही तेच होते, हे नामाभ्यासकांनी टिपून ठेवण्यास हरकत नाही.)

बाउझर निर्दोष होता असे कोणीही म्हणत नाही, तो स्वतःही नाही. टोळीचा धंदा मोठा होता. कबुलीजबाबातच तिची कमाई कोट्यवधी डॉलर्सची आणि खेळ-कंपन्यांचे नुकसान साडेसहा कोटी ते पंधरा कोटी डॉलर्सच्या दरम्यान नोंदलेले आहे. परंतु त्याच कबुलीजबाबातला दुसरा आकडा असा की, सात वर्षांत बाउझरला स्वतःला मिळाले ते सुमारे ३ लाख २० हजार डॉलर्स. म्हणजे त्याच्यावर बसलेली आर्थिक देणी त्याच्या सात वर्षांच्या कमाईच्या पंचेचाळीस पट होतात. तिघा आरोपींत तो सर्वांत कमी दोषी आहे, असे त्याच्या वकिलांचे म्हणणे होते. आणि शिक्षेच्या दिवशी इतर दोघे अमेरिकन न्यायालयापुढे आलेलेच नव्हते. तो पायाच्या गंभीर विकाराने आजारी होता आणि महामारीच्या काळात कोठडीत होता. २०२३ मध्ये मुदतीपूर्वी सुटका झाल्यावर त्याने जाहीरपणे जे सांगितले त्यावरून, त्याच्या एकूण मासिक उत्पन्नाचा पंचवीस ते तीस टक्के भाग या देण्यापोटी कंपनीकडे जाऊ शकतो. कर्ज फिटण्याची शक्यता नसल्यामुळे ही कपात व्यवहारतः आजन्म आहे. तुरुंगवासाला मुदत होती. या दंडाला ती नाही.

एवढे मोठे माप कोठून येते? पहिले उत्तर असे की, शिक्षा त्या माणसासाठी एकट्यासाठी नव्हतीच. इतरांना तिच्यातून संदेश मिळावा, हा हेतू सुनावणीत उघडपणे बोलला गेला, आणि त्यात अवैध असेही काही नाही. अमेरिकन शिक्षाविषयक कायद्यात इतरांना परावृत्त करणे हे शिक्षेच्या मान्य प्रयोजनांपैकी एक आहे. येथे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ऑस्टिन यांचे १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेले विवेचन आठवणे साहजिक आहे. त्यांनी उक्तिकर्मांची वर्गवारी करताना निर्णय देणे आणि शिक्षा सुनावणे यांना वेगवेगळ्या वर्गांत घातले. ‘आरोपी दोषी आहे’ हा निर्णय वस्तुस्थितीला धरून असतो किंवा नसतो. पुराव्याने तो पडताळता येतो. ‘चाळीस महिने’ हे मात्र वस्तुस्थितीचे वर्णन नव्हे, तो अधिकाराचा वापर आहे. ते उचित किंवा अनुचित असू शकते, खरे किंवा खोटे नव्हे. म्हणूनच ‘त्याने गुन्हा केला होता ना?’ या प्रश्नाच्या होकारार्थी उत्तराने शिक्षेचे समर्थन होत नाही. ते उत्तर पहिल्या वर्गातले आहे, प्रश्न दुसऱ्या वर्गातला.

आता संदेश म्हटला की त्याला श्रोता आला. जेव्हा शिक्षेचा श्रोता आरोपी नसून न्यायालयाबाहेरचा अज्ञात समुदाय असतो, तेव्हा आरोपीची अवस्था ज्या कागदावर संदेश लिहायचा त्या कागदासारखी होते. आणि अक्षरे दुरून दिसावीत म्हणून ती किती मोठी काढायची, हे कागदाच्या आकारावरून ठरत नाही. मराठीत ‘शिक्षा’ या शब्दाचा शिकविण्याचा मूळ अर्थ लोपून दंडाचा अर्थ उरला, हिंदीत नेमके उलट झाले. पण ‘धडा शिकविणे’ या वाक्प्रचारात दोन्ही अर्थ अजून एकत्र नांदतात. कोणाला धडा शिकवायचा, हा प्रश्न मात्र तो वाक्प्रचार मोकळाच ठेवतो. कांट यांनी १७९७ मध्येच बजावले होते की, माणसाला केवळ दुसऱ्यांच्या हितासाठी साधन म्हणून शिक्षा देता येत नाही, आधी तो शिक्षेस पात्र ठरला पाहिजे. तो पात्र ठरल्यानंतरही किती पात्र, हा प्रश्न उरतो. अमेरिकन कायद्यातही याची जाणीव आहे: शिक्षा पुरेशी असावी, परंतु आवश्यकतेपेक्षा अधिक नसावी, असे बंधन त्याच कलमात घातलेले आहे. तुरुंगवासाच्या बाबतीत न्यायाधीशांनी सरकार पक्षाची मागणी एक-तृतीयांशाने कमी केली, यात या बंधनाचा प्रभाव मानता येईल. देण्यांच्या रकमेत तो शोधूनही सापडत नाही.

दुसरे उत्तर शब्दाचे आहे. इंग्रजीत या अपराधाला ‘पायरसी’ म्हणतात, आणि मराठीने कधी तो शब्द तसाच घेतला, कधी ‘चाचेगिरी’ असे त्याचे भाषांतर केले. चोरट्या छपाईच्या संदर्भात इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकापासून रूढ आहे, तेव्हा तो आजच्या कंपन्यांनी बनविला असे म्हणणे अनैतिहासिक होईल. परंतु रूढ रूपक हे निरुपद्रवी रूपक नव्हे. जपानीतही चोरट्या प्रतीला ‘काइझोकुबान’, म्हणजे चाच्यांची आवृत्ती, असेच म्हणतात. जर्मन बोलभाषेत ‘राउबकोपी’ म्हणतात. त्यातील ‘राउब’ म्हणजे बळजबरीने केलेली लूट, जरी जर्मन कायद्याच्या कलमात तो शब्द नाही. फ्रेंच कायदा मात्र ‘कोंत्रफासों’, म्हणजे बनावट नक्कल, या शब्दावर थांबतो. एकाच कृत्याकडे एका भाषेने समुद्रावरचा दरोडा म्हणून पाहावे, दुसरीने लुटालूट म्हणून आणि तिसरीने नक्कल म्हणून, याचा अर्थ कृत्य तीन प्रकारचे आहे असा होत नाही. नाव ठेवणारा कोठे उभा आहे, एवढेच त्यावरून कळते.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगण्याची गरज नाही. मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत चाचा म्हटले गेले. कोकणच्या समुद्रात फिरणाऱ्या जहाजांनी त्यांचा दस्तक घ्यावा आणि न घेतल्यास जहाज जप्त व्हावे, ही त्यांच्या दृष्टीने राज्याची वहिवाट होती. कंपनीच्या दृष्टीने तीच चाचेगिरी. कोणाच्या परवान्याशिवाय फिरणे हा अपराध आणि कोणाचा परवाना मागणे हा अपराध, हे ज्याच्या हाती लेखणी तो ठरवीत होता. अर्थात या दाखल्यावरून चोरट्या प्रती विकणाऱ्यांना कोणी सरखेलांच्या पंक्तीला बसवू नये. दाखला शब्दापुरता आहे.

प्राचीन व्यवहारशास्त्राने या ठिकाणी एक उपयुक्त भेद केला होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात मालकाच्या समक्ष बळाने केलेले हरण ते ‘साहस’ आणि त्याच्या परोक्ष केलेले ते ‘स्तेय’, अशी विभागणी आहे. समुद्रावरील चाच्याचे कृत्य निःसंशय साहस होय: त्यात शस्त्र आहे, समोर माणूस आहे, जिवाची भीती आहे. खेळाची चोरटी प्रत काढणाऱ्याच्या कृत्यात यांतले काहीही नाही. तेव्हा ‘चाचेगिरी’ हे नाव देताच कृत्य एका वर्गातून उचलून अधिक भयंकर वर्गात ठेवले जाते, तेही पुरावा न मागता. ते निदान स्तेय तरी आहे काय, हाही प्रश्न सरळ नाही. १९८५ मध्ये एल्विस प्रेस्लीच्या गाण्यांच्या चोरट्या ध्वनिमुद्रिकांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे ठरविले की, चोरलेल्या मालाच्या आंतरराज्य वाहतुकीचा कायदा अशा ध्वनिमुद्रिकांना लावता येत नाही. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांच्या प्रतिपादनाचा आशय असा होता की, स्वामित्वहक्काचा भंग करणारा त्या हक्कावर आक्रमण करतो, पण हक्क किंवा वस्तू उचलून नेत नाही. म्हणून चोरीशी त्याचे समीकरण सहज जुळत नाही. हा निकाल आरोपीला निर्दोष म्हणत नाही. स्वामित्वहक्काच्या कायद्याखाली तो दोषी होताच. निकाल एवढेच सांगतो की, एका अपराधाला दुसऱ्याचे नाव देऊन दुसऱ्याचा दंड घेता येत नाही.

बाउझरला शिक्षा झाल्यावर सरकारी वकिलांनी जे निवेदन काढले, त्यात लहान निर्मात्यांचे श्रम ‘मूलतः’ चोरले जातात, अशा अर्थाचे विधान होते. ‘मूलतः’ या क्रियाविशेषणाकडे लक्ष द्यावे. खिशातून पाकीट गेले तर ते मूलतः चोरले गेले असे कोणी म्हणत नाही. जेथे शब्द तंतोतंत बसत नाही तेथेच अशा विशेषणाची पाचर मारावी लागते. पाचर मारून शब्द बसविणे हे भाषेत नित्य चालते आणि त्यात वावगे नाही. परंतु दंडाचे माप मात्र पाचर विसरून, मूळ शब्दाच्याच वजनाने घेतले जाते.

शब्दाकडून आकड्याकडे वळले म्हणजे तिसरे उत्तर सापडते. अमेरिकन कायद्यात हक्कधारकाला प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही वैधानिक भरपाई मागता येते. प्रत्येक कृतीमागे कमीत कमी ७५० डॉलर्स, सामान्यतः अधिकात अधिक ३० हजार आणि भंग जाणूनबुजून केला असल्यास दीड लाखापर्यंत. या गणिताचे एकक ‘कृती’ आहे. किती लोकांचे किती बुडाले, आरोपीने किती मिळविले, हे प्रश्न गुणाकारात येत नाहीत. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयाने जुन्या खेळांच्या प्रती पुरविणाऱ्या एका माणसाविरुद्ध निन्टेंडोच्या बाजूने निकाल दिला. तो स्वतःच स्वतःचा वकील होता. एकोणपन्नास खेळ, प्रत्येकी ३५ हजार डॉलर्स, आणि व्यापारचिन्हाच्या भंगाबद्दल आणखी चार लाख, मिळून २१ लाख १५ हजार. ती देण्याची त्याची ऐपत पाहून दरमहा पन्नास डॉलर्सचा हप्ता ठरला. या हप्त्याने देणे फिटण्यास साडेतीन हजार वर्षे लागली असती. हा हिशेब न्यायालयापुढील कोणालाही अवघड नव्हता. तरीही एकाच प्रकरणात, एकाच माणसाबद्दल, ‘एकवीस लाख’ आणि ‘महिना पन्नास’ हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले गेले. पहिला आकडा संदेशाचा, दुसरा माणसाचा. पुढे तो हप्ताही त्याने भरला नाही, हे त्याच्या बाजूने सांगण्याजोगे नाही, पण वगळण्याजोगेही नाही.

येथे याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायातील राजधर्माचे एक वचन ध्यानात येते. दंड्य माणसावर दंड टाकण्यापूर्वी अपराध, देश, काल, त्याचे बळ, वय, व्यवसाय आणि वित्त ही जाणून घ्यावीत, असे तेथे सांगितले आहे. ज्या स्मृतींत वर्णानुसार दंड बदलतो त्यांच्याकडून आज न्यायाचा आदर्श घेता येणार नाही, हे वेगळे सांगायला नको. पण ‘वित्त’ हा शब्द त्या यादीत आहे, आणि वैधानिक भरपाईच्या गुणाकारात त्याला जागा नाही, एवढे मात्र नोंदविले पाहिजे.

आता विरुद्ध बाजूचा विचार केला नाही तर विवेचन एकांगी होईल. खेळ बनविण्यास अनेक वर्षे आणि शेकडो माणसांचे श्रम लागतात. प्रसिद्धीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच विक्रीचा मोठा भाग होतो, आणि छोट्या निर्मात्याला त्याच आठवड्यांत चोरट्या प्रतींनी गाठले तर त्याचा पुढचा खेळ निघतच नाही. कुलूप फोडणारे साधन विकणारा माणूस एक प्रत चोरीत नाही. तो असंख्य अनोळखी माणसांच्या हाती किल्ली देतो. शिवाय अपराधी सापडण्याचे प्रमाण अल्प असते, म्हणून सापडलेल्याला जबर शिक्षा दिल्याशिवाय धाक बसत नाही, असा युक्तिवाद आहे. यांतील पहिले दोन मुद्दे निर्विवाद आहेत. त्यांवरून बाउझरसारख्या धंदेवाईक माणसाला तुरुंगवास होणे अन्याय्य ठरत नाही. चाळीस महिने कदाचित अधिक असतील, पण ते वादाच्या कक्षेत आहेत. तिसरा मुद्दा मात्र स्वतःचाच घात करतो. न सापडलेल्यांचा दंड सापडलेल्याकडून घ्यायचा, असा त्याचा सरळ अर्थ आहे. वर्गातील दंगा करणारे पळून गेले म्हणून मागे राहिलेल्याला सर्वांच्या वाटच्या छड्या मारणाऱ्या गुरुजींना शिस्तप्रिय म्हणता येईल; न्यायी म्हणता येणार नाही.

जे खेळ आता बाजारात मिळतच नाहीत, त्यांच्याबद्दल नुकसानीचा युक्तिवाद फारच पातळ होतो. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ विक्रीस उपलब्ध नाहीत. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये निन्टेंडोने थ्री-डीएस आणि वी-यू या यंत्रांसाठीची आपली ऑनलाइन विक्री बंद केली. ग्रंथालयांनी असे अप्राप्य खेळ अभ्यासकांना दूर अंतरावरून वापरू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फेटाळली. दुर्मीळ पोथीची नक्कल उतरवून घेणाऱ्याला ज्या परंपरेने कृतज्ञतेने स्मरले, तिच्या वारसांना ही स्थिती चमत्कारिक वाटेल. जे विकतच घेता येत नाही, त्याच्या प्रतीमुळे कोणती विक्री बुडाली? तरीही वैधानिक भरपाईची पट्टी नव्या खेळाला आणि लुप्त खेळाला एकच. बाउझरला या मुद्द्याचा लाभ मिळत नाही, कारण त्याच्या टोळीच्या मालाचा मुख्य रोख बाजारात जोमाने खपणाऱ्या स्विच यंत्रावर होता. परंतु म्हणूनच दोन्ही प्रकरणे एका शब्दाखाली येऊ नयेत.

हरणात प्रती असतात हे आपल्या काव्यशास्त्राला ठाऊक होते. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त दुसऱ्याच्या शब्दांचे आणि अर्थाचे हरण किती प्रकारे होते याची बारकाईने छाननी केली: आरशातल्या प्रतिबिंबासारखे हरण वेगळे, चित्रासारखे वेगळे, एका देहासारख्या दुसऱ्या देहाचे वेगळे आणि परपुरप्रवेशासारखे वेगळे. त्याने एकाच शब्दाने सर्वांची संभावना केली नाही; काही प्रकार त्याज्य मानले, काहींना मान दिला. त्याचा विषय कवित्वाचा होता, मालमत्तेचा नव्हे. पण प्रत काढण्याच्या कृत्यांत भेद करण्यास भाषा असमर्थ आहे, ही सबब त्याच्यानंतर तरी चालू नये.

भारतीय कायद्याने हा भेद काही अंशी केला आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ६३ खाली जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे; भंग व्यापारी लाभासाठी नसेल तर विशेष कारणे नोंदवून न्यायालय याहून कमी शिक्षा देऊ शकते. संगणक आज्ञावलीची चोरटी प्रत जाणून वापरणाऱ्यासाठी कलम ६३-ब आहे: किमान सात दिवस, कमाल तीन वर्षे, आणि वापर लाभासाठी नसल्यास कारावास अजिबात न देता केवळ ५० हजारांपर्यंत दंड करण्याची मुभा. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ तांत्रिक कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास सांगते. अमेरिकन गुणाकाराशी तुलना करता ही रचना समंजस म्हटली पाहिजे. धंदा करणारा आणि घरी बसून खेळणारा यांच्यात ती फरक करते.

मात्र येथेही शब्दांनी आपला प्रभाव दाखविला आहे. महाराष्ट्राच्या १९८१ च्या ज्या अधिनियमाखाली झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्ती यांना खटल्यावाचून स्थानबद्ध करता येते, त्याच्या नावात २००९ मध्ये ‘व्हिडिओ पायरेट्स’ हे शब्द जोडले गेले. रोख चित्रपटांच्या चोरट्या प्रतींकडे होता, खेळांकडे नव्हे. पण ‘नक्कल करणारे’ असा शब्द रूढ असता, तर तो त्या यादीत धोकादायक व्यक्तींच्या शेजारी इतक्या सहज बसला असता काय? समुच्चयात शेजारी शेजारी ठेवलेली नामे एकमेकांना आपला रंग देतात, हे वाक्यविचाराच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. कलम ६३ मधील शिक्षा ‘तीन वर्षांपर्यंत’ वाढू शकते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या पहिल्या अनुसूचीत ‘तीन वर्षे व त्याहून अधिक’ शिक्षेचे अपराध दखलपात्र व अजामीनपात्र, आणि ‘तीन वर्षांहून कमी’ शिक्षेचे अदखलपात्र व जामीनपात्र, अशी विभागणी होती. तेव्हा ‘तीन वर्षांपर्यंत’ कोणत्या बाजूला? ‘पर्यंत’ या शब्दयोगी अव्ययात मर्यादा समाविष्ट आहे की नाही, या प्रश्नावर एका माणसाला जामीन हक्काने मिळणार की न्यायालयाच्या मर्जीने, हे अवलंबून राहिले. दिल्ली उच्च न्यायालयाने अपराध अदखलपात्र मानून एक फौजदारी प्रकरण रद्द केले होते. २० मे २०२२ रोजी ‘निट प्रो इंटरनॅशनल’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते फिरविले: पूर्ण तीन वर्षे देता येत असल्यामुळे अपराध पहिल्या बाजूचा, म्हणजे दखलपात्र व अजामीनपात्र. व्याकरणदृष्ट्या हा अर्थ सयुक्तिक आहे. ‘पुण्यापर्यंत गेला’ म्हणजे पुण्याला पोचला. पण त्याचा परिणाम असा झाला की, ज्या कलमाने शिक्षा कमी करण्याची वाट न्यायाधीशासाठी ठेवली आहे, त्याच कलमाखाली न्यायाधीशापर्यंत पोचण्याच्या आधीच आरोपीला कोठडी घडू शकते. निकालाआधी भोगलेली कोठडी कारावासाच्या मुदतीतून वजा होते, पण निकालानंतर मिळणाऱ्या सवलतीने ती परत मिळत नाही.

आणि खेळाच्या बाबतीत तर आणखी एक गुंतागुंत आहे. संगणकावर खेळ चालवायचा म्हणजे त्याची प्रत यंत्रात उतरवावीच लागते. वापर आणि प्रत काढणे ही दोन कृत्ये खेळणाऱ्याच्या हातून एकाच वेळी घडतात. आरोपपत्र लिहिणाऱ्याने ‘वापरली’ हे क्रियापद निवडले तर कलम ६३-ब आणि किमान सात दिवस. ‘प्रत काढली’ हे निवडले तर कलम ६३ आणि किमान सहा महिने. घरी खेळणाऱ्या कोणा मुलाने केलेली कृती दोन्ही वाक्यांत तीच असेल. त्याचे वर्णन करणारे क्रियापद मात्र त्याने निवडलेले नसेल.